काळं पडलेलं तीर्थ

रविवार उजाडला की भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारामागच्या त्या गल्लीत चालायला वाट उरत नसे. वेल्डिंगच्या दुकानापाशी सुरू झालेली रांग टायरवाल्याला वळसा घालून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत जायची. रांगेत बहुतेक पोटुशा बायका. कुणासोबत सासू, कुणासोबत आई. नवरे मंडळी बाहेर मोटारसायकलींना टेकून मोबाइल बघत उभी. गल्लीच्या टोकाला एक जुनं गोदाम होतं, त्याला भगवा रंग देऊन दरबार केला होता. आत लाल गादीवर कमलिनी माता बसायच्या.

"गर्भ म्हणजे काय?" माता माइकवर विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. "आरसा आहे, आरसा! आईच्या मनातली धूळ त्याच्यावर बसते. डॉक्टरची मशीन पोट बघते, मन बघते काय? सोनोग्राफीत सावली दिसते काय? नाही दिसत! कारण मशीन जपानची आणि सावली इथली!"

"बोलो कमलिनी माता की जय!" त्यांचा चेला चंपत ओरडायचा. लोक जयजयकार करायचे. मशीन कुठलीही असली तरी पोट इथलंच असतं, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही.

त्या रविवारी मोनालीचा नंबर लागला तेव्हा तिला पाचवा महिना चालू होता. पहिलटकरीण. सोबत सासूबाई, सिंधुताई. मातांनी तिला समोर बसवलं. चंपतनं डबीतली चिमूटभर विभूती तिच्या उजव्या मुठीत दिली. पुढ्यात काचेचं भांडं होतं, त्यात पिवळसर तीर्थ.

"मूठ बुडव. उघड."

मोनालीनं मूठ उघडली आणि तीर्थ काळं झालं. हळूहळू नाही, बघता बघता. शाईची दौत लवंडावी तसं. मागच्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला. सिंधुताईंनी सुनेचा खांदा घट्ट धरला.

माता पुढे वाकल्या. माइक बाजूला सारून, फक्त मोनालीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे काळं बाहेरचं नाही, पोरी. पोटात जीव आहे हे कळलं तेव्हा तू मनात 'नको' म्हणाली होतीस. म्हणाली होतीस ना? त्यानं ऐकलं ते."

मोनालीनं ओला हात पदरात लपवला.

कारण ती म्हणाली होती. बँकेच्या परीक्षेचा पहिला टप्पा पार पडला होता, मुख्य परीक्षेचा अभ्यास जोरात चालला होता, आणि एका सकाळी त्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर ती तशीच बसून राहिली होती आणि मनात म्हणाली होती, आत्ता नको गं बाई. नवऱ्याला, आईला, कुणालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. पुढे सोनोग्राफीत ते इवलंसं काळीज लुकलुकताना दिसलं, तेव्हा ती आनंदानं रडली होती. पण त्या आनंदाच्या आत तो 'नको' खड्यासारखा टोचत राहिला होता. आणि आज या बाईनं तो बरोबर काढून हातावर ठेवला.

मातांनी मंत्र पुटपुटत भांड्यात लिंबू पिळलं. काळं पाणी फिकं होत होत परत पिवळसर झालं.

"उतरली सावली. पण परत येईल. दवाखान्याची लाल गोळी खातेस ना? ती खाल्ली की शौचाला काळं होतं की नाही?"

"होते," मोनाली कशीबशी म्हणाली.

"ती गोळी सावलीला खाऊ घालते. बंद कर. काळपट पालेभाज्या, गूळ बंद. हे तीर्थ दोन्ही वेळा जेवणाबरोबर घे. काळं पडणं थांबलं की समज, बाळ सुटलं."

गोळी बंद झाली, आणि काळं पडणं खरंच थांबलं.

आता सांगा, याहून मोठा पुरावा घरच्या माणसाला काय हवा?

सिंधुताईंचं घर रिसालीत. यजमान भंडाऱ्याकडून येऊन पोलाद कारखान्यात लागले, निवृत्त झाले आणि वारले. मुलगा रूपेश रेल्वेत, ड्यूटी धावत्या गाडीवर. आज दुर्ग, उद्या डोंगरगड. मुलगी समीक्षा जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नव्हतं, घरातच राहायची, आणि बोलायला अंमळ तिखट होती.

सुरुवातीला सिंधुताईंनी जेवताना मातांचा विषय काढला होता. समीक्षा इतकी हसली की तिला ठसका लागला.

"सावट? आई, आमच्या दहावी ब वर्गावर पण सावट आहे. त्यायलेही ने एकदा, पास तरी होतील!"

रूपेशही हसला. मोनाली ताटाकडे बघत राहिली. सिंधुताईंनी त्यानंतर लेकीपुढे मातांचं नावही काढलं नाही. मातांनी दिलेली तीर्थाची बाटली आणि विभूतीची पुडी त्यांनी देवघराच्या मागे ठेवली. लाल गोळ्यांची पाकिटं मोनाली कपाटात साड्यांखाली सारत गेली. समीक्षानं अधूनमधून विचारलं, "वहिनी, गोळ्या चालू आहेत ना?" की मोनाली मान डोलवायची. खोटं बोलल्याची टोचणी वेगळी, गोळी घेतली तर बाळाचं वाईट होईल ही भीती वेगळी. दोन्हींच्या मध्ये ती दिवस ढकलत होती.

ती फिकट दिसायला लागली. जिना चढताना दम लागायचा. "पहिलटकरणीले असंच होते," शेजारणी म्हणाल्या. तपासणीची तारीख आली तशी गेली. मातांनीच सांगितलं होतं, सुईनं रक्त काढलं की सावलीला वाट मिळते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. बायका ओटी भरत होत्या, कुणी पेढा-बर्फीच्या वाट्या पुढे करून मुलगा की मुलगी ओळखायला सांगत होतं. मोनालीनं वाटीकडे हात नेला आणि ती तशीच पुढे कोसळली. झोपाळ्याची कडी तिच्या कपाळाला लागली. समीक्षानं तिला मांडीवर घेतलं, पापणी खाली ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"हिमोग्लोबिन सहाच्या आसपास आहे. बाळाची वाढही मागे पडलीय. आज रक्त चढवावं लागेल. या बाईनं लोहाच्या गोळ्या कधीपासून घेतल्या नाहीत?"

"घेते ना ती," रूपेश म्हणाला. मग त्यानं आईकडे पाहिलं.

सिंधुताई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "मी बंद केल्या," त्या म्हणाल्या. "मीच. तीर्थ देत होती मी तिले. दोन्ही टाइम, माह्या हातानं."

रूपेश वळला. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला आणि तिथंच पाठ करून उभा राहिला. गाडीवरून घरी आल्यावर बायकोचा चेहरा पिवळा पडत चालला होता हे त्यालाही दिसलं होतंच. थकली असेल म्हणून तो झोपून जायचा.

समीक्षाच्या तोंडाशी शब्द आला होता. 'अडाणी.' पण आई जमिनीवर बसलेली होती, पदर तोंडात धरून, आवाज न करता रडत होती. तो शब्द समीक्षानं गिळला. ती स्वतः त्या दिवशी हसली नसती तर आईनं सांगितलं असतं. वहिनीनं मान डोलवली नसती, तोंडानं सांगितलं असतं. घरात विज्ञान शिकवणारी बाई असताना त्या दोघींना तिच्यापासून लपावंसं वाटलं, याचा अर्थ काय, हे तिला कळत होतं.

रक्त चढलं. बाळाचे ठोके नीट होते. मोनाली शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिलं हेच विचारलं, "गोळी तं नाई ना दिली मले?"

चार दिवसांनी मोनालीला घरी आणलं. तोवर आईनं दरबारातलं सगळं, काळं पडलेलं तीर्थ आणि लिंबूही, समीक्षाला सांगितलं होतं. ती झोपली आणि समीक्षानं आईला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आई, मी हसणार नाही. फक्त बघ."

तिनं बिनादुधाचा चहा उकळून काचेच्या ग्लासात गाळला. साड्यांखालून सापडलेल्या लाल गोळ्यांपैकी एक खलबत्त्यात कुटली आणि पूड चहात टाकून ढवळलं. चहा काळा झाला. नेहमीसारखा नाही, शाईसारखा. सिंधुताईंचा हात तोंडावर गेला.

समीक्षानं लिंबू पिळलं. काळेपणा विरघळत गेला, खालून चहाचा रंग वर आला.

"मंत्र?" सिंधुताईंनी विचारलं.

"मंत्र नाही. गोळीत लोह आहे. चहात तुरट रस असतो. दोन्ही भेटले की काळं होतं. जुन्या काळी शाई अशीच बनवत. लिंबाचा आंबटपणा ते काळं मोडून टाकतो."

मग तिनं मातांनी दिलेली विभूतीची पुडी चहाच्या दुसऱ्या ग्लासात उपडी केली. तेच झालं.

"राखेत हिराकस आहे, आई. तेही लोहाचंच. आणि तीर्थात काय आहे ते तूच सांग."

सिंधुताईंनी बाटली उघडली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. भंडाऱ्याच्या जंगलात लहानपणी त्यांनी पोत्यानं वेचला होता तो.

"हिरडा," त्या म्हणाल्या. इकडे सारे त्याला हर्रा म्हणतात. "हा तं हिरडा हाय, समीक्षा." मग बाटलीचं झाकण लावत, "रोज पाजत होती मी तिले. एकदाही स्वतः चाखून नाई पाहिलं."

समीक्षानं पुढचंही सांगितलं, कारण अर्धं सांगून भागणार नव्हतं. गोळीतलं लोह जेवढं अंगाला लागायचं तेवढं लागतं, उरलेलं बाहेर पडतं. त्याचाच रंग काळा. म्हणून गोळी घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिचं उत्तर 'होते' हेच येणार. गोळी थांबली की काळंही थांबणार. सावली नव्हतीच, तर उतरणार कुठून? उलट जेवणाबरोबर घेतलेल्या त्या तुरट पाण्यानं अन्नातलं लोहसुद्धा अंगी लागू दिलं नाही.

दारात मोनाली उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"पाण्याचं समजलं, ताई," ती म्हणाली. "पण तिनं मले एक गोष्ट सांगितली होती. ती मी कोणालेच सांगितली नव्हती. ते तिले कसं माहीत?"

"कोणती गोष्ट?"

मोनालीनं सांगितली. भिंतीकडे बघत सांगितली. 'नको' हा शब्द तिच्या तोंडून नीट बाहेरही पडला नाही.

समीक्षाला मूल नव्हतं, तो क्षण तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं आईकडे पाहिलं. आई खलबत्ता धुवायला वळली होती.

"मले जायचं हाय तिथं," मोनाली म्हणाली. "या रविवारी. मले त्या बायायले विचारायचं हाय."

डॉक्टरीणबाईंनी गाडीतून जायची, खुर्चीवर बसायची परवानगी दिली. रविवारी चौघंही सुपेल्याला गेले. सिंधुताई जुन्या भक्त, म्हणून चंपतनं त्यांना पुढे बसवलं. मोनालीसाठी खुर्ची आली. रूपेश दारात पुरुषांमध्ये उभा राहिला, हातात गेटवरच्या टपरीवरून घेतलेला बिनादुधाच्या लाल चहाचा ग्लास.

पहिला नंबर निशा नावाच्या मुलीचा होता. वीस-एकवीसची असेल. भिलाई-३ हून आलेली, भेदरलेली. चंपतनं तिच्या मुठीत विभूती दिली. ती हात भांड्यात घालणार तेवढ्यात सिंधुताईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब पोरी. तीर्थात नाई. याच्यात." त्यांनी घरून आणलेल्या पाण्याचा ग्लास पुढे केला. "अर्धीच टाक."

निशानं गोंधळून टाकली. पाणी जरासं गढूळ झालं, बस्स.

माता हसल्या. "नळाचं पाणी, माई! नळाच्या पाण्यात शक्ती नाही. सावली पवित्र पाण्यातच उतरते."

"बरं," सिंधुताई म्हणाल्या. "रूपेश, चहा आण."

उरलेली अर्धी विभूती त्या चहात पडली. चहा काळाठिक्कर झाला. सिंधुताईंनी ग्लास उचलून मागच्या रांगेपर्यंत दाखवला.

"गेटवरच्या टपरीचा हाय. टपरीवरचा चहा पवित्र झाला का आता? का चहालेच सावट लागलं?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. समीक्षा उठली. तिनं मातांच्याच ताटातलं लिंबू घेतलं, चहात पिळलं, आणि जे स्वयंपाकघरात सांगितलं तेच सांगितलं: हिराकस, हिरडा, लिंबू. चेष्टा केली नाही. वर्गात शिकवतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. लाल गोळीचंही सांगितलं.

"अश्रद्ध आहेत हे लोक!" मातांचा आवाज चढला. "रसायन असेल राखेत! मग मी मनातलं ओळखते ते कसं? विचारा या सूनबाईला! ओळखलं होतं की नाही तुझं पाप?"

सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे वळले.

मोनाली उभी राहिली. "ओळखलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मले म्हणाल्या, पोटात बाळ हाय हे समजलं तेव्हा तू मनात 'नको' म्हणाली. मी म्हणाली होती. परीक्षा होती माही. भेव वाटत होतं." ती बायकांकडे वळली. "मले एवढंच विचारायचं हाय. हे कानात आणखी कोणाले सांगितलं यायनं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. निशा मान खाली घालून नखं कुरतडत होती.

मग सिंधुताईंनी हात वर केला.

"मले कानात कोणी नाई सांगितलं. पण मले वाटलं होतं," त्या म्हणाल्या. दारात रूपेश उभा आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरी म्हणाल्या. "रूपेशच्या येळी. त्याच्या आधीचं माहं पहिलं पोर जन्मतानाच गेलं होतं. पुन्हा दिवस गेले तं मी म्हटलं, नको, देवा. पुन्हा तेच पाहा लागंल. आन् ते पहिलं गेलं कावून, तं मी पाण्याचे हंडे उचलले म्हणून, असं दायी म्हणाली होती. तेव्हापासून मी तेच मानून राहिली. म्हणून तं हिले इथं आणलं. माह्यासारखं होऊ नाई म्हणून."

रूपेश गर्दीतून पुढे आला आणि आईच्या बाजूला खाली बसला.

"मलासुद्धा हेच सांगितलं होतं," मागून एक बाई म्हणाली. "मुझे भी," दुसरी. "यही बोली थी, बिल्कुल यही." मग चहूकडून आवाज यायला लागले. निशा रडत रडत म्हणाली, "मला तर अजून वाटतं. रोज रात्री वाटतं." तिच्या शेजारच्या म्हातारीनं तिला जवळ ओढलं.

ज्या गोष्टीला प्रत्येक बाई आपलं एकटीचं पाप समजून दडवून बसली होती, ती त्या गोदामातल्या जवळजवळ प्रत्येकीकडे होती. मातांना अंतर्ज्ञान नव्हतं. पोटुशी राहिलेली बाई एकदा तरी घाबरते, आणि घाबरल्याचं कुणाला सांगत नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांचा सगळा दरबार त्या न सांगण्यावर उभा होता.

दंगा झाला नाही. बायका उठल्या आणि आपापल्या सासूचा, आईचा हात धरून निघाल्या. काही बसूनही राहिल्या. मातांनी त्यांना सांगितलं की ही परीक्षा आहे. महिन्याभरात गोदामाला कुलूप लागलं. माता कुठे गेल्या ठाऊक नाही. गेल्या तिथं हर्रा मिळतच असेल.

मोनालीला मुलगी झाली. वजनानं कमी, म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. त्या दिवसांत सिंधुताई पेटीशेजारून हलल्या नाहीत, आणि मोनालीनं त्यांना एका शब्दानंही दोष दिला नाही. पण सगळं पुसलं गेलं असं म्हणणं खोटं होईल. मुलगी जरा कमी दूध प्यायली तरी दोघी एकमेकींकडे बघतात आणि नजर चुकवतात. डॉक्टरीणबाईंनी सिंधुताईंना त्यांच्या पहिल्या बाळाबद्दल सांगितलं, की हंड्यांमुळं गेलं असं धरून बसू नका. बाळ जन्मतानाच जाण्याची कारणं पुष्कळ असतात आणि तेव्हा ती कुणी तपासलीच नाहीत. त्या नुसत्या ऐकून आल्या. इतकी वर्षं बाळगलेलं ओझं एका दिवसात उतरत नाही.

समीक्षानं शाळेत एक गोष्ट सुरू केली: मुलांचा प्रश्न कितीही वेडगळ असला तरी त्याला हसायचं नाही.

आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुमच्या घरात कुणी पहिल्यांदा आई होणार असेल, तर तिला इतकंच करा. तिच्यासमोर बसा आणि विचारा, "भेव वाटते का?" ती हो म्हणाली, तर तिला देवाचा कोप सांगू नका, आणि तिच्या भीतीला हसूही नका. जवळच्या आशाताईकडे, म्हणजे इथल्या मितानिनीकडे, नर्सकडे, डॉक्टरकडे तिच्यासोबत जा. गोळी का घ्यायची, काळं का होतं, बाळ पोटात कमी का हललं, जे मनात येईल ते विचारा. उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. जो माणूस तुमचा प्रश्न ऐकून घेतो आणि कारण दाखवतो त्याचं ऐका. जो प्रश्न विचारल्याबद्दल तुम्हालाच पापी ठरवतो, त्याच्या दारातून पोटुशा बाईला घेऊन त्याच पावली माघारी फिरा.